जपानी क्लायंटच्या कॉलवर 'हाइ' कधी, किती आणि कुठलं?

बावधनचा बग

नागोयाच्या क्लायंटबरोबर टीमचा रोज साडेदहाला कॉल असतो (तिकडे दुपारचे दोन). टीममध्ये बहुतेकांचं एन-३ झालंय, एकाचं एन-२ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पातळ्या, एन-२ वरची). बोललेलं बऱ्यापैकी कळतं. तरी तिकडचे साहेब बोलता बोलता मध्येच थांबतात आणि 'किकोएमास् का?' म्हणजे ऐकू येतंय का, असं विचारतात. आवाज व्यवस्थित असतो. त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत आम्ही शांत राहतो आणि मग उत्तर देतो, एवढंच.

ब्रिज इंजिनिअरचं (क्लायंट आणि टीममधला दुवा) म्हणणं असं की आम्ही 'आइझुचि' देत नाही, म्हणजे ऐकताना हुंकार देत नाही. म्हणून सगळ्यांनी 'हाइ, हाइ' (हो, हो) सुरू केलं, तर नवीनच भानगड. त्यांनी सुचवलेली तारीख आम्ही मान्य केली, असं त्यांच्या मिनिट्समध्ये (मीटिंगच्या लेखी नोंदीत) छापून आलं.

तर हुंकार नेमका कुठे द्यायचा? दर वेळी 'हाइ'च का? आणि मीटिंगमध्ये सहा जण असतील तर सगळ्यांनी द्यायचा की एकानेच? क्लासमध्ये हे कोणी शिकवत नाही आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही.

दुभाषी चाकण

तुमच्या ब्रिज इंजिनिअरचं बरोबर आहे, पण सांगितलं अर्धंच.

हे जपानी लोकांचं काहीतरी वेगळंच खूळ आहे, हे आधी डोक्यातून काढा. फोनवर आत्या बोलत असते: 'काल मी मंडईत गेले ना,' (हं) 'तर तिथे ना,' (बरं) 'आपली ती शेजारची भेटली,' (हो का!). इथे दहा सेकंद गप्प राहून बघा. आत्या विचारणारच, 'आहेस ना रे?' तुमचे नागोयाचे साहेब तेच विचारतायत. मराठी माणसाला हुंकार शिकवावा लागत नाही. आपण तो ऑफिसच्या दाराबाहेर ठेवून येतो, कारण तिथे इंग्रजी मीटिंगची शिस्त अंगवळणी पडलेली असते: समोरच्याचं संपेपर्यंत गप्प, शक्यतो म्यूट. जपानी कानाला त्या शांततेचे तीन अर्थ लागू शकतात. लाइन तुटली, कळलं नाही किंवा पटलं नाही.

आता जागा. वाक्य संपायची वाट बघायची नाही. जपानी वाक्यात सांधे असतात आणि हुंकार त्या सांध्यांवर पडतो. '-ते' (आपलं '-ऊन'), 'केदो' आणि 'गा' (पण), 'नोदे' आणि 'कारा' (म्हणून), आणि सगळ्यात स्पष्ट म्हणजे 'ने', जो आपल्या 'ना'सारखाच बोलणारा मुद्दाम टाकतो. 'देस् ने' म्हणून तो किंचित थांबला, की ती जागा तुमच्यासाठी सोडलेली असते. उदाहरण घ्या:

किनोऽ नो तेसुतो नान् देस् केदो (हाइ) साऽबाऽ नो होऽ दे एराऽ गा देते शिमात्ते (एऽ) सोरे दे देस् ने (हाइ) इमा गेन्इन् ओ शिराबेते इरु न् देस् केदो…

कालच्या टेस्टचं म्हणाल तर, सर्व्हरच्या बाजूला एरर आली आणि, त्यामुळे ना, आता कारण शोधतोय, पण… एवढाच मजकूर. तीन हुंकार आणि वाक्य अजून संपलेलंच नाही.

आणि संपणारही नाही, खरी मेख इथेच आहे. शेवटचा 'केदो' पहिल्यासारखा सांधा नाही. पहिल्या 'केदो'नंतर स्वर वर टांगलेला राहतो आणि बोलणारा लगेच पुढे जातो. शेवटच्या 'केदो'ला स्वर खाली येतो, आवाज विरतो आणि शांतता लांबते. तिथे चेंडू तुमच्याकडे आलेला असतो. 'आता बोला, तुमच्याकडून काय होईल?' असा त्याचा अर्थ. तिथे नुसतं 'हाइ' म्हटलं तर ते हुंकार राहत नाही, उत्तर होतं. तुमची तारीख बहुधा इथेच अडकली असेल. 'राइशू नो किन्योऽबि नि शिताइ तो ओमोउ न् देस् केदो…' म्हणजे पुढच्या शुक्रवारी करावं असं वाटतं, पण… आणि इकडून सहा जणांचं 'हाइ'! मिनिट्स लिहिणाऱ्याचं काय चुकलं?

सांध्यावरचं 'हाइ' म्हणजे 'ऐकतोय'. 'का'ने संपणाऱ्या प्रश्नानंतरचं किंवा लोंबत सोडलेल्या 'केदो' आणि 'गा'नंतरचं 'हाइ' म्हणजे 'मान्य'. मान्य नसेल तर त्या जागी 'हाइ'ने सुरुवातच करू नका. 'राइशू नो किन्योऽबि देस् ने' असं तारखेचं शेपूट परत म्हणा आणि जोडून 'इचिदो शानाइ दे काकुनिन् शिमास्' म्हणजे एकदा आत विचारून घेतो. तारीख ऐकल्याची पोच मिळाली आणि होकारही गेला नाही.

उलट दिशेलाही हेच. तुम्ही सांगत असताना तिकडून येणारे भराभर 'हाइ' हा होकार समजून प्लॅनमध्ये टाकू नका. शेवटी स्पष्ट प्रश्न विचारा: 'देवा, सोनो नित्तेइ दे सुसुमेते योरोशिइ देश्योऽ का?' म्हणजे तर मग, या वेळापत्रकाने पुढे गेलं तर चालेल का? त्यावर येणारं 'हाइ' खरं.

बावधनचा बग

'केदो'चे दोन प्रकार असतात हे पहिल्यांदाच ऐकतोय. हे कानाला पकडायचं कसं? कॉलवर विचार करायला वेळच नसतो. आणि मधल्या 'हाइ'ने त्यांचा आवाज कापला जातो, तेही होतंय.

लोलक

आवाज कापला जाण्याचा जपानीशी संबंध नाही. मीटिंग रूममधल्या टेबलावरच्या बऱ्याच स्पीकरफोनना एका वेळी एकाच दिशेचा आवाज नीट जमतो. तुमच्या बाजूला आवाज झाला की यंत्र तिकडचा आवाज दाबतं. शिवाय नेटवर्कमुळे उशीर होतो तो वेगळाच. तुमचा 'हाइ' सांध्यावर निघाला तरी पोचेपर्यंत साहेब पुढच्या शब्दात शिरलेले असतात, आणि बोलणाऱ्याला कोणीतरी अडवतंय असं वाटतं.

उपाय सोपा आहे. खोलीतला सामाईक स्पीकरफोन बंद करून प्रत्येकाने हेडसेट लावायचा. हुंकार देण्याची जबाबदारी एकाच माणसावर, शक्यतो त्या दिवशीचा विषय ज्याच्याकडे आहे त्याच्यावर. त्याचा माइक चालू, बाकी सगळे म्यूट पण कॅमेरा चालू, आणि त्यांनी मान हलवायची. मान वरून खाली, छोटी, एकदा. आपली ती डावी-उजवीकडे डोलणारी मान कटाक्षाने टाळा. आपल्याला ती 'हो हो, कळलं' वाटते, पण पलीकडे 'नाही' किंवा 'शंका आहे' असं दिसतं. माइक चालू असलेल्यानेही प्रत्येक सांध्यावर आवाज काढायचा नाही. दोनदा मान, एकदा 'हाइ' एवढं व्हिडिओवर पुरतं. फक्त फोन असेल तर मात्र मान कोणाला दिसत नाही, तिथे आवाजच हवा.

कानाला पकडायचं कसं, तर शब्दांपेक्षा सुरावर लक्ष ठेवा. नायजेल वॉर्ड आणि वातारु त्सुकाहारा यांनी २००० साली इंग्रजी आणि जपानी संभाषणांवर काम प्रसिद्ध केलं. त्यात हुंकाराची सूचना देणारी खूण म्हणून बोलणाऱ्याच्या आवाजातला साधारण ११० मिलिसेकंद टिकणारा खालचा सूर सापडला. म्हणजे एखाद्या अक्षराएवढा वेळ. शब्द न समजताही हुंकार बऱ्यापैकी योग्य जागी देता येतो तो यामुळेच. ही सोय आहे आणि धोकाही, कारण काही न कळता छान हुंकार देणारा माणूस मीटिंगमध्ये सगळ्यांत महागात पडतो.

सराव असा करा. दोन माणसांची मुलाखत असलेलं कुठलंही जपानी रेकॉर्डिंग घ्या, बातम्या नकोत, कारण बातम्यांत ऐकणारा माणूसच नसतो. त्यातला दोन मिनिटांचा तुकडा निवडा. पहिल्या फेरीत फक्त मुलाखत घेणाऱ्याचे हुंकार ऐकून कागदावर टिंबं मारा. दुसऱ्या फेरीत त्याच्याबरोबर तुम्ही म्हणा. तिसऱ्या फेरीत एकट्या माणसाच्या भाषणाचं किंवा व्लॉगचं रेकॉर्डिंग लावा आणि रिकाम्या जागांत तुमचे हुंकार भरा, मोबाइलवर दोन्ही आवाज रेकॉर्ड करा. परत ऐकताना एकच बघा: तुमचा आवाज सांध्यावर पडला, की पुढच्या शब्दावर चढला? सुरुवातीला सगळ्यांचाच उशिरा पडतो, कारण आपण मनात भाषांतर संपायची वाट बघत असतो.

पर्वती पायथा

जागेचं वरच्या दोघांनी छान सांगितलंय. मी शब्दांबद्दल लिहिते, कारण मुलं तिथे जास्त आपटतात.

'सोऽ देस् ने' आणि 'सोऽ देस् का' हे दोन्ही सारखेच समजून वापरले जातात, तसं नाही. समोरच्याने नवीन माहिती दिली तर 'सोऽ देस् का' किंवा 'सोऽ नान् देस् का', शेवट खाली उतरता. 'सोऽ देस् ने' म्हणजे 'हो ना, मलाही तसंच वाटतं', दोघांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला. क्लायंट म्हणाला, 'आमचा मॅनेजर बदलला' आणि तुम्ही 'सोऽ देस् ने' म्हणालात, तर ते 'ठाऊक आहे मला' असं ऐकू येतं. 'सोऽ देस् का'चा शेवट वर चढवलात तर 'असं? खरंच?' अशी शंका होते. उतरवा.

'सोऽ देस् नेऽऽ' असं लांबवलेलं ऐकलंत तर तो हुंकार नाही. तो माणूस विचार करतोय, उत्तर अजून यायचंय. त्याच्या मागोमाग दातांतून हवा आत ओढल्याचा आवाज आणि 'च्योत्तो…' (जरा…) आलं तर उत्तर नकारार्थी आहे असं समजून पुढचा पर्याय तयार ठेवा.

'नारुहोदो' हा सिनेमा-मालिकांतून उचललेला लाडका शब्द. समवयस्कांत ठीक. पण त्यात 'तुझं म्हणणं मी तपासलं आणि पटलं' असा परीक्षकाचा सूर आहे, म्हणून वरिष्ठांना आणि ग्राहकांना नको. 'नारुहोदो देस् ने' म्हणून शेपूट जोडलं तरी बऱ्याच जणांना ते खटकतं. त्याऐवजी 'ओश्शारु तोऽरि देस्' (आपण म्हणता तसंच आहे) किंवा नुसतं 'हाइ'. काम सांगितलं की 'र्योऽकाइ' नको, 'शोऽचि शिमाश्ता' म्हणा, ग्राहकाला 'काशिकोमारिमाश्ता'. 'उन्' फक्त मित्रांत. 'एऽ' मऊ आणि सभ्य आहे, पण क्लायंटपुढे 'हाइ'च सुरक्षित. 'फूऽन्' अजिबात नको, त्यात 'असेल बुवा, मला काय' असा सूर येतो.

'हाइ' स्वतः. 'हा'वर जोर, 'इ' खाली, आणि आखूड. आपली मुलं 'हाऽऽय' असं ताणतात. शेवट वर गेला तर 'काय म्हणालात?' असा प्रश्न होतो. एकाच जागी लागोपाठ 'हाइ हाइ' म्हणजे 'कळलं, पुरे आता'. 'हाइ' एकदाच म्हण, असं तिकडे मुलांना दटावतात. वेगवेगळ्या सांध्यांवर एकेक 'हाइ' चालतं, जोडून नाही. आमच्याकडे मोर्चातही 'हाय हाय' कौतुकाचं नसतंच म्हणा.

आता मराठी सवयी, यांवर कोणी बोलत नाही. आपलं लांब, वर चढणारं 'हाँऽ?' जपानीतल्या 'हाऽ?'सारखं लागतं, आणि तो तिकडे 'काय बोलतोयस तू!' असा उद्धट प्रश्न आहे. 'अच्छा अच्छा'चंही तेच. जपानीत 'आचाऽ' हा 'अरेरे, घोटाळा झाला' असा उद्गार आहे. क्लायंटने आकडा सांगावा आणि इकडून 'अच्छा' यावं, तर तो दचकेल. 'ओके ओके, राइट राइट' कळतं त्यांना, पण त्याने इंग्रजी शिस्तीत परत गेल्यासारखं होतं.

मुलांनो, एकच शब्द सलग तीनदा आला की चौथ्या वेळी बदला. 'हाइ, हाइ, सोऽ नान् देस् का, हाइ, (मान), ताशिका नि (खरंच आहे)' अशी मिसळ हवी. आणि सगळ्यांत उत्तम हुंकार म्हणजे समोरच्याचा मुख्य शब्द परत म्हणणं: 'एराऽ गा देता न् देस् ने' (एरर आली ना). तो खोटा देताच येत नाही, कळलं असेल तरच जमतो.

शनिवारवाडा लोकल

थोडा विरोध नोंदवतो. हे सगळं वाचून नवीन मुलं दर दोन शब्दांना मान डोलवत बसतील. प्रमाण जपानीत जास्त असतं हे खरं. सेनको मेनार्ड यांच्या अभ्यासात जपानी संभाषणात हुंकार अमेरिकी इंग्रजीच्या जवळपास दुप्पट निघाले होते. पण तो अभ्यास गप्पांचा होता. क्लायंटचं औपचारिक प्रेझेंटेशन, मोठ्या साहेबांचं भाषण, तपासणी करणाऱ्या ऑडिटरचं निवेदन, इथे तिकडचे लोकही आवाज काढत नाहीत, नुसती मान हलवतात, तीही कमी. रोजच्या स्टँडअपचा (छोट्या कॉलचा) हिशेब तिथे लावू नका.

दुभाषी चाकण

मान्य, प्रसंग बघूनच. पण प्रमाणापेक्षा जागेचा फरक मोठा आहे. १९९६ साली क्लॅन्सी, थॉम्प्सन, सुझुकी आणि ताओ यांनी इंग्रजी, जपानी आणि मँडरिन या तिन्ही भाषा ताडून पाहिल्या. इंग्रजी आणि मँडरिन ऐकणारे बरेचदा वाक्य पुरं होण्याच्या जागी हुंकार देतात, जपानी ऐकणारे वाक्याच्या मध्येच. मिझुतानी नोबुको यांनी यालाच 'क्योऽवा' म्हटलंय, दोघांनी मिळून एक बोलणं पुरं करणं. म्हणून कमी द्या, पण मध्ये द्या. शेवटी दिलेला एकुलता एक मोठा 'हाइ' उपयोगाचा नाही, आणि वर लिहिल्याप्रमाणे तोच घातक.

शॉप फ्लोअरवरच्या दुभाष्यांसाठी एक वेगळी अडचण लिहितो, कारण चाकण-तळेगावात रोज हीच येते. जपानी तज्ज्ञ बोलतोय, दुभाषी सवयीने छान हुंकार देतोय, आणि हुंकार मिळतायत म्हणून तज्ज्ञ थांबतच नाही. पाच-सहा सूचना एकदम आल्या की शेवटच्या दोन लक्षात राहतात. हुंकार हे बोलणाऱ्याला मिळालेलं 'चालू द्या' आहे, त्यामुळे थांबवायचं असेल तर हुंकारच बंद करा. दुसऱ्या सूचनेनंतर आवाज काढायचा नाही, वही वर उचलायची आणि पुढच्या सांध्यावर 'इत्तान् कोको दे याकुशिमास्' (इथवरचं आधी सांगतो) म्हणायचं. शांतता झाली की तो स्वतःच अडखळतो, आडवं पडावं लागत नाही.

भाषांतर करताना सांध्यावरच्या 'हाइ'चं 'हो' करू नका, काहीच करू नका. लाइन सुपरवायझरला 'ते हो म्हणाले' सांगितलंत की त्याने माल लावलाच म्हणून समजा. आणि सुपरवायझरला सांगून ठेवा की तज्ज्ञ बोलत असताना दुभाष्याच्या तोंडाकडे नाही, तज्ज्ञाकडे बघायचं आणि मान हलवायची. भाषा कळत नसली तरी. नाहीतर तज्ज्ञ सगळं दुभाष्यालाच सांगत बसतो.

बावधनचा बग

मस्त. शेवटचे दोन. पार्ट नंबर किंवा फोन नंबर सांगताना काय करतात? आणि त्यांचं 'केन्तोऽ शिमास्' कुठल्या खात्यात टाकायचं?

पर्वती पायथा

नंबर गटांत. जपानात फोन नंबरमधल्या आडव्या रेघेला 'नो' म्हणतात आणि प्रत्येक गटानंतर ऐकणारा 'हाइ' म्हणतो किंवा गट परत म्हणतो. तो 'हाइ' येईपर्यंत पुढचा गट सांगू नका. आपले दहा आकडी मोबाइल नंबर पाच-पाच तोडून सांगा. दहाही आकडे एका दमात म्हटलेत तर त्यांना हुंकाराला जागाच मिळत नाही आणि पहिल्यापासून विचारतात. तुम्ही लिहून घेताय तेव्हा शेवटी पूर्ण नंबर परत म्हणा. आकड्यांत १ म्हणजे 'इचि' आणि ७ म्हणजे 'शिचि' खराब लाइनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ७ ला 'नाना' म्हणायचं. ४ ला 'योन्', 'शि' नाही.

दुभाषी चाकण

'केन्तोऽ शिमास्' म्हणजे विचार करतो. सोबत तारीख, माणसाचं नाव किंवा 'कोणती माहिती पाठवा' असं काही आलं तर खरंच विचार होणार. काहीच आलं नाही आणि विषय बदलला तर नकार धरा. खात्री करायची तर 'इत्सु गोरो ओहेन्जि इतादाकेमास् का' विचारा, उत्तर साधारण कधी मिळेल. त्यावर आठवड्याचा वार मिळाला तर ट्रॅकरमध्ये 'प्रलंबित' लिहा, 'सोऽ देस् नेऽऽ' मिळालं तर दुसरा प्लॅन काढा.